वरचा लाल, खालचा हिरवा

"डोळे आहेत की शर्टाची बटणं!"

हे वाक्य कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. टोपीवाला माझ्या खालीच बसतो, खुर्ची भिंतीला टेकवून, आणि जे कुणाला ऐकू जाऊ नये ते चहाच्या कपात तोंड घालून पुटपुटतो. त्याला वाटतं, कपाशिवाय कुणी ऐकत नाही. पण त्याच्या टोपीच्या वर हातभर अंतरावर मी लटकलेला असतो.

"समोर लाल दिवा ढळढळीत पेटलाय, आणि हे म्हणतात जाऊ द्या. बरं. जाऊ द्या तर जाऊ द्या. माझ्या बापाचं काय जातंय?"

आणि त्याने खटकन बटण दाबलं.

तो ढळढळीत लाल दिवा म्हणजे मी. मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर दोन दिवे आहे; पण डबा एकच आणि जीवही एकच, म्हणून मी स्वतःला 'मी'च म्हणतो. बिस्किटांचा लांबट पत्र्याचा डबा, त्याला दोन गोल खिडक्या, एका खिडकीला लाल काच, दुसरीला हिरवी, आणि दोन्हींच्या मध्ये चांगला चार बोटं रुंद काळा पट्टा. मी दिसायला काही खास नाही. पण खोटं बोलणं माझ्या तारांत नाही. म्हणून त्या दिवशी माझ्या लाल काचेखालून एक चुकीची गोष्ट घराबाहेर पडली तेव्हा मला प्रत्येकाचा संशय आला. आधी टोपीवाल्याचा, मग भाऊंचा, मग वहिनींचा, आणि शेवटी स्वतःचाही.

पण हे असं अर्ध्यातून सांगून तुम्हाला कळायचं नाही. सुरुवातीपासून सांगतो.

मला भाऊंच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी बनवलं. ते घरोघरी जाऊन वायरिंग करणारे मिस्त्री होते. थकल्यावर घरीच बसायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर काहीबाही जोडत राहायचे. मला जोडताना त्यांचा एक जुना सोबती आला होता. तो म्हणाला, "अहो मिस्त्री, एवढा खटाटोप कशाला? हल्ली एकच बल्ब मिळतो, रंग बदलणारा. कधी लाल, कधी हिरवा. डबाही छोटा होईल."

"नको," बाबा म्हणाले. "वरचा लाल, खालचा हिरवा. दोघांच्या मध्ये भरपूर जागा. त्यात बदल नाही."

"का बरं?"

"माझी मर्जी."

मग त्यांनी मला हातात उंच धरलं आणि मुलाला दारात उभं केलं. मुलगा म्हणजे आताचे भाऊ. तेव्हाही चांगले बाप्ये होते, लग्न झालेलं होतं, स्वतःचा धंदा सुरू करायला निघाले होते. बाबा एक बल्ब लावायचे आणि विचारायचे, "आता?" भाऊ म्हणायचे, "लाल." दुसरा लावायचे. "आता?" "हिरवा." एकदाही चूक नाही. आणि प्रत्येक वेळी म्हातारा सुटकेचा श्वास टाकायचा, जणू मुलगा कसल्या मोठ्या परीक्षेत पास झाला. भाऊंची थोरली बहीण, ताई, कोपऱ्यात भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. इतका वेळ खाली मान घालून कुणी एवढीशी भाजी निवडत नाही.

एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला लाल-हिरवा विचारतात, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मला तेव्हाच वाटलं होतं. पण मी नवा होतो. नव्याने जास्त चौकशी करू नये.

टांगण्यासाठी बाबांनी माझ्या डोक्याशी एक भोक पाडलं. वायर जायला पायाशी दुसरं, जरा मोठं. पत्र्याची कड भिंतीला खरवडू नये म्हणून पायाशी त्यांनी निळ्या कापडाची एक चिंधी चिकटवली. पांढऱ्या ठिपक्यांची. ताईच्या लहानपणच्या फ्रॉकची होती, असं कुणीतरी म्हणालं. बस, एवढं माझं बालपण.

त्यानंतर मी कामाला लागलो.

जागा म्हणजे एका लॉन्ड्रीच्या वरच्या तीन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, म्हणून आमच्याकडे कायम धुतलेल्या शर्टांचा वास असतो. पुढच्या खोलीत वहिनी हिशेबाचं आणि गिऱ्हाइकांचं बघतात. वहिनी म्हणजे भाऊंची बायको; धंदा दोघांनी मिळून उभा केला, आणि वहिनींच्या बोटांना कळफलकाची सवय भाऊंपेक्षा जास्त आहे, हे भाऊही कबूल करतात. मधल्या चिंचोळ्या खोलीत ताई फोन घेतात. आणि आतल्या मोठ्या खोलीत मी, भाऊंच्या हाताखाली काम करणारा टोपीवाला, आणि खिडकीखालच्या बाकावर तीन संगणक.

आता इथे काय बनतं? मित्रांनो, हे मला कळायला बरीच वर्षं लागली, तेव्हा तुम्ही घाई करू नका. इथे प्रोग्रॅम बनत नाहीत. प्रोग्रॅम बनवणारे लोक ज्यावर उभे राहून प्रोग्रॅम बनवतात, तो पाया इथे बनतो. शहाणी माणसं त्याला फ्रेमवर्क म्हणतात. ताई फोनवर नुसतं 'आपला पाया' म्हणतात. कुणाला दुकानासाठी, कुणाला दवाखान्यासाठी काही करायचं असलं, तर त्याने बटणं, खिडक्या, घंटा, आठवणी, सगळं पहिल्यापासून कशाला घडवायचं? ते आमच्याकडून तयार घ्यायचं आणि पुढचं आपलं आपण रचायचं.

आणि आमच्या पायाची एक शपथ होती. संगणकांच्या तीन जाती असतात, निदान आमच्या बाकावर तरी तीन आहेत: एक चपटा, एक उभा, आणि एक म्हातारा, जो सुरू होताना घसा खाकरतो. आमच्या पायावर लिहिलेलं काम तिघांवरही चालणार. शिवाय लिहिणाऱ्याने दोनपैकी हवी ती भाषा निवडावी. ही माणसांशी बोलायची भाषा नव्हे, संगणकाला कामं सांगायची. एक जुनी, भाऊंच्या हाताखाली वाढलेली, कमी शब्दांत खूप सांगणारी. एक नवी, टोपीवाल्याच्या आवडीची, ऐसपैस आणि समजायला सोपी. भाऊ म्हणायचे, "ज्याला ज्यात सुचतं त्यात त्याने लिहावं. तिन्हीकडे चालवणं हे आपलं काम, त्याचं नव्हे."

पायात जराही बदल झाला की तिन्ही संगणक तो दोन्ही भाषांत चालवून बघायचे. सगळीकडे ठीक, तर मी हिरवा. कुठेही, कुणीही अडखळला, तर मी लाल. तपशील टोपीवाल्याच्या पडद्यावर येतो, पण तो तपशील पाठवण्याआधी कुणी बघत नसे. कारण रीत ठरलेली होती. नवी आवृत्ती बाहेर पाठवायची असली की भाऊ समोरच्या दारात येऊन उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या." किंवा, "थांबा." त्यांनी म्हटल्याशिवाय काहीही जायचं नाही. वहिनींनी ही रीत बाबांच्या समोर घालून दिली होती आणि कुणी मोडली नव्हती.

काय मान होता मला तेव्हा! पाहुणे आले की वहिनी सांगायच्या, "हा आमच्या सासऱ्यांनी केलेला. ह्याच्या पुढे आमचंही काही चालत नाही." मी भाव खायचो. का खाऊ नये?

मग दिवस फिरले. टोपीवाला कामाचा माणूस, हुशार, मनाने वाईट नाही, पण त्याला नवी भाषा सोडून दुसरं काही गोड लागत नाही. तो म्हणू लागला, "भाऊ, तीन संगणक, त्यावर दोन भाषा. तेच दळण किती वेळा दळायचं? म्हाताऱ्यावर आता कोण काम करतं? आणि जुन्या भाषेत कोण लिहितं?"

"वृद्धाश्रमवाल्या बाई," भाऊ म्हणाले.

गावाच्या त्या टोकाला एक वृद्धाश्रम आहे. तिथल्या परिचारिकाबाईंच्या टेबलावर आमच्या म्हाताऱ्याचाच जुळा भाऊ शोभेल असा संगणक आहे. कुणाच्या गोळीची वेळ झाली की तो घंटा वाजवतो आणि कोणत्या खाटेपाशी जायचं ते दाखवतो. ते काम आमच्या पायावर, जुन्या भाषेत लिहिलेलं.

"एका गिऱ्हाइकासाठी?" टोपीवाला म्हणाला.

"हो. एकासाठी. चालेल म्हणून सांगितलंय ना? मग चालायला हवं."

 वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तिथून ह्या घरात पाणी मुरायला लागलं. टोपीवाला फोनवर हळू आवाजात बोलू लागला. वहिनी दार लोटून घेऊ लागल्या. एकदा तर भिंतीवर मोठा पडदा लावायचं बोलणं माझ्या कानावर आलं, सगळं अक्षरांत दाखवणारा. मग मी कुठे जाणार? हे कुणी बोललं नाही. जे बोललं जात नाही तेच मला जास्त घाबरवतं.

आणि मग रंगारी आला.

वाफेने भिंतींचे पोपडे निघाले होते, म्हणून नवा रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्याने मला खिळ्यावरून उतरवलं आणि फुटक्या कपांबरोबर एका खोक्यात घातलं. त्या खोक्यात मी काय काय विचार केले, ते न सांगितलेलं बरं. भिंत सुकल्यावर त्याने मला बाहेर काढलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. वायरचं भोक मोठं, खिळ्यात पटकन बसणारं. त्याने तेच अडकवलं आणि वायर मागून वळवून घेतली.

मित्रांनो, त्याने मला उलटं टांगलं. डोकं खाली, पाय वर. निळी चिंधी कपाळावर! लाल खिडकी खाली गेली आणि हिरवी वर आली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. वाटलं, आता कुणीतरी बघेल, हसेल, सरळ करेल. वहिनी आल्या. त्यांनी रंग बघितला आणि कोपऱ्यात राहिलेला डाग दाखवून रंगाऱ्याला दोन शब्द सुनावले. टोपीवाला आला, त्याने चार्जर शोधला. ताईंना फोनवरून उठायला फुरसत नव्हती, तेव्हा तिसऱ्या माणसाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी हिरवा लागलो की त्यांना हिरवं दिसायचं, लाल लागलो की लाल. मी उभा आहे की शीर्षासन करतोय, ह्याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

दुसऱ्या दिवशी एक आवृत्ती तयार झाली. नव्या भाषेत टोपीवाल्याने खपून केलेली सुधारणा होती. तिन्ही संगणकांनी मान डोलावली. मी हिरवा पेटलो, उलटा का होईना, पण मनापासून.

भाऊ दारात आले. कमरेवर हात ठेवले. माझ्याकडे बघितलं.

"थांबा," ते म्हणाले.

टोपीवाला हसला. "भाऊ, हिरवा आहे."

"सकाळी सकाळी थट्टा नको. थांबा म्हटलं ना."

आणि ते निघून गेले. टोपीवाल्याचं हसू तोंडावरच वाळलं. तो वहिनींकडे गेला. बोलणं मला सगळं ऐकू आलं नाही, पण "माझी सुधारणा होती म्हणूनच" एवढं ऐकू आलं. आणि वहिनींचं, "हळू बोल."

मला स्वतःचाच संशय आला. माझ्या तारा अदलाबदल झाल्या की काय? की टोपीवाल्यानेच काही केलं? तो रंग सुकत असताना माझ्या जवळ घुटमळला होता. चार्जर शोधत होता म्हणे. कोण जाणे!

संध्याकाळी सगळे पांगल्यावर भाऊ एकटेच आत आले. मी अजून हिरवाच होतो. ते माझ्याजवळ आले, चवड्यांवर उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी माझ्या दोन्ही काचांवर एकामागून एक तळवा ठेवला. खालची गार. वरची कोमट. तळवा वरच्या काचेवर बराच वेळ राहिला.

"लागलाय तर वरचाच," ते स्वतःशी म्हणाले. "मग हिरवा का म्हणतात? मला वेडा ठरवायचा बेत आहे?"

असे ते माझ्यावर हात ठेवून उभे होते, आणि मला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. मी नको त्या शब्दाकडे लक्ष दिलं. 'बेत' हा शब्द मी उचलला आणि रात्रभर चघळत बसलो.

त्यानंतरची आवृत्ती तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यात चूक होती. म्हातारा संगणक जुन्या भाषेत अडखळला होता, घंटा वाजवायच्या जागीच. मी लाल झालो. खाली, पण लाल. भाऊ दारात आले, त्यांनी बघितलं, चेहरा उजळला.

"हां. आता कसं! जाऊ द्या."

टोपीवाल्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी ओठ घट्ट मिटून म्हणाल्या, "त्यांनी म्हटलंय ना." म्हणजे काय, तर ते मुद्दाम चुकीचं पाठवताहेत, पाठवू देत, मग कळेल. हे मी वहिनींच्या मनातलं सांगतोय, मित्रांनो. मनातलं मला दिसत नाही, पण मिटलेले ओठ दिसतात. टोपीवाला कपात पुटपुटला. बटण दाबलं गेलं.

कालची सकाळ उजाडली ती फोनने. ताईंनी फोन घेतला आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"काय म्हणता! वाजलीच नाही?"

परिचारिकाबाईंचा आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. "अहो ताई, नाही ना! खिडकीपाशी असतात त्या आजी म्हणाल्या, 'आज माझ्या गोळीला सुट्टी दिलीत वाटतं?' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बघते तर कुणाचीच वाजलेली नाही. हृदयाची औषधं आहेत हो त्यात. आता घड्याळ गळ्यात बांधून धावतेय मी."

"कुणाला काही झालं नाही ना?"

"अजून नाही."

त्या 'अजून'नंतर ताईंनी सगळ्यांना हाक मारली.

आतल्या खोलीत सगळे जमले. भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. "मी हिरवा बघून पाठवलं," ते म्हणाले.

"लाल होता, भाऊ," टोपीवाला म्हणाला.

"हिरवा होता. नंतर कुणी काही केलं असेल तर मला माहीत नाही."

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणी."

खाली लॉन्ड्रीत वाफेचा मोठा सुस्कारा निघाला.  माझ्या खाली दोन पुरुष एकमेकांकडे असे बघत होते, की मला बाबांच्या टेबलाची आठवण झाली. तिथे निदान कुणी कुणाला चोर समजत नव्हतं.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टोपीवाला कुरकुर करत उठला आणि म्हाताऱ्या संगणकापुढे जाऊन बसला. ज्या भाषेला तो अडगळ म्हणायचा तिच्यातच त्याला चूक शोधायची होती. दिवसभर तो तिथेच होता. मध्येच "अरे, हे बेटं सरळ आहे की" असंही म्हणाला, पण कुणी ऐकलं नाही अशा बेताने.

दुपारी चहाच्या ओट्यापाशी वहिनींनी ताईंना गाठलं.

"वन्सं, हे मुद्दाम करताहेत का हो?"

"कोण, बाळ?" भावाचे केस पिकले तरी ताई त्यांना बाळच म्हणतात. "तो कधी मुद्दाम शिंकायचासुद्धा नाही."

"मग काय समजायचं मी? घरात इतकी वर्षं कच्चे टोमॅटो आणतात, मी बोलत नाही. एका पायात तपकिरी मोजा, एका पायात हिरवा, तरी बोलत नाही. पण कामात?"

ताईंच्या हातातला चमचा कपात थांबला. नुसता एक क्षण. मग त्या ढवळत राहिल्या, बराच वेळ, आणि चहात त्यांनी साखर घातलेलीच नव्हती.

वहिनींनी तो चमचा बघितला. पुढचं विचारलं नाही. ह्या घरात प्रत्येकाकडे एकेक अर्धं वाक्य होतं, आणि जो तो आपलं अर्धं दाताखाली धरून बसला होता.

आज दुपारी दुरुस्ती तयार झाली. तिन्ही संगणक, दोन्ही भाषा, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा चालवून. म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि अशी काही घंटा वाजवली की खालून इस्त्रीवाला ओरडला, "काय लग्न लागलं का वर?" मी हिरवा पेटलो. इतका हिरवा मी आयुष्यात झालो नसेन.

ताई फोन हातात घेऊनच आत आल्या. पलीकडे परिचारिकाबाई होत्या. संध्याकाळच्या औषधांची वेळ जवळ येत होती आणि बाई एकट्या होत्या. "पाठवताय ना?" असा बारीक आवाज फोनमधून येत होता.

भाऊ दारात उभे राहिले. कमरेवर हात. माझ्याकडे बघितलं.

"थांबा," ते म्हणाले.

टोपीवाला उठून उभा राहिला. त्याने टोपी काढली. मी त्याचं डोकं पहिल्यांदाच बघितलं. मधोमध चांगलंच टक्कल होतं. "भाऊ, हात जोडतो. हिरवा आहे."

"लाल आहे."

"अहो, हिरवा आहे हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "तिकडे म्हातारी माणसं आहेत. आपलं भांडण आपण नंतर करू."

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच झालीस." भाऊंनी खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. "एकदा चुकीचं गेलं, आता लाल दिव्यावर मी पुन्हा पाठवू? त्या माणसांच्या जिवाशी खेळू? नाही. माझा शब्द नको असेल तर तसं तोंडावर सांगा. मी आत्ता जातो, उद्या येत नाही."

बघा, मित्रांनो, मी इतके दिवस ज्याच्यावर संशय घेतला तो माणूस पिशवी खांद्याला लावून त्याच आजीच्या गोळीसाठी भांडत होता. आणि टोपीवालाही तिच्याचसाठी. आणि वहिनीही.

"भाऊ, आम्ही सगळे काय आंधळे आहोत?" टोपीवाला म्हणाला.

"मग बघा ना डोळे उघडून!" भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.  "वरचा लागलाय की ढळढळीत!"



"वरचा?" टोपीवाला हळूच म्हणाला. "भाऊ, मी रंग विचारतोय."

  पिशवीचा पट्टा भाऊंच्या मुठीत आवळला गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग जमिनीकडे. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बाबांना अचूक उत्तरं देणारा तो मुलगा आज उत्तर विसरला होता. आणि मला, इतक्या वर्षांनी, त्या म्हाताऱ्याचा सुटकेचा श्वास का होता ते कळलं. माझा डबा लांब का होता, काळा पट्टा रुंद का होता, एकच बल्ब का नको होता, ते सगळं कळलं. मी दोन भाषांत बोलायचो, मित्रांनो. रंगाची एक भाषा, जागेची दुसरी. ज्याला जी कळते त्याने ती ऐकावी. बाबांनी एकाच डब्यात दोन्हींची सोय केली होती, कुणाला पत्ता लागू न देता. रंगाऱ्याने मला फिरवलं आणि माझ्या दोन भाषा एकमेकींच्या विरुद्ध बोलू लागल्या. मी खोटं बोलत नव्हतो. तरी निम्म्या घराला माझं बोलणं खोटं ऐकू येत होतं.

एक मागणं आहे तुमच्याकडे. जुनी वस्तू भिंतीवरून उतरवलीत, तर ती कशी टांगली होती ते एकदा बघून ठेवा. तिच्या सरळ-उलट्यात कुणाचातरी जीव अडकलेला असू शकतो. आणि कुणी तुमच्यापेक्षा वेगळं बघून तुमच्याशी भांडायला लागलं, तर त्याला डोळे आहेत का असं कपात पुटपुटू नका. त्याला काय दिसतं, ते त्यालाच विचारा. आम्ही कुणीच विचारलं नाही. मी तर विचारूच शकत नाही, पण शकलो असतो तरी विचारलं असतं की नाही, कुणास ठाऊक. संशय घेणं सोपं असतं.

ताईंची नजर माझ्यावर होती. लालवर नाही, हिरव्यावरही नाही. माझ्या कपाळावरच्या निळ्या, ठिपक्यांच्या चिंधीवर. ती चिंधी पायाशी असायला हवी, हे बाबा गेल्यावर जगात आता फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी फोनवर तळहात ठेवला. त्यांचं तोंड हललं, थांबलं. बाळाला हे सांगायचं नाही, अशी शपथ आईबाबांनी त्यांना कधीतरी घातली असणार. भाजी निवडताना मान वर न करण्याची सवय काही उगाच लागत नाही.

मग त्या भावाजवळ गेल्या आणि त्यांनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली, शाळेतून आलेल्या मुलाचं दप्तर घ्यावं तशी.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तुला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून नाही दिसत. बाबांनी हा दिवा तुझ्यासाठी केला होता, आणि तो उलटा टांगलाय. हिरवाच लागलाय, बाळ. म्हण, जाऊ द्या."